काचेच्या पानांचं झाड

माती ओली होती. जगदेवीने बोट बाहेर काढलं, पदराला पुसलं आणि पुन्हा खिडकीतल्या कुंडीत खुपसून पाहिलं, कारण पहिल्यांदा बोटाचीच काही चूक झाली असेल असं तिला वाटलं. बोटं चुका करतात, टायपिस्टची तर हमखास. पण वरच्या खड्यांखाली, एका पेराएवढ्या खोलीवर, माती गार होती, चिकट होती, आणि बोटाला बारीकसा वास येत होता, बरेच दिवस बंद राहिलेल्या मोरीचा. ऊन अजून गल्लीत उतरलं नव्हतं, तरी भिंतीला हात टेकला तर ती कालची ऊब देत होती. नळ बंद पडून इतके दिवस झाले होते की तोटी फिरवून बघायची सवयही गल्लीतून गेली होती. घरातलं पाणी म्हणजे चुलीशेजारचा झाकलेला रांजण, बाहेरचं पत्र्याचं पिंप आणि देवापुढचा पितळी तांब्या. त्यातला थेंबन् थेंब कुठे जातो हे दोघींना ठाऊक होतं, निदान जगदेवीचा तसा समज होता. आणि या घरात कुणीतरी कुंडीत पाणी ओतत होतं. कुणीतरी म्हणजे काय, घरात माणसं दोनच, ती आणि तिची आई, अव्वा. अव्वा आत पाटावर बसली होती, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. तिची पाठ दिसत होती आणि मान थोडी वाकलेली. पूजेत बोलायचं नसतं. डबा पिशवीत टाकून ती ऑफिसला निघाली, आणि गंजगोलाईचा बाजार ओलांडून जाईपर्यंत ते बोट तिने इतर बोटांपासून वेगळं धरलं होतं.

झाड म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस विचारायचा, यातलं कापून कोण घेऊन गेलं? जाड, बोटभर रुंदीची पानं दोन रांगांत समोरासमोर उभी, आणि वरून जणू विळीवर सपाट कापलेली. कापल्या जागी साल नाही, काच. धुरकट, हिरवट काच, तिच्यात बारीक पांढऱ्या रेषा. मूळ गावी, आफ्रिकेच्या टोकाकडच्या कोरड्या मुलखात, ते सगळंच्या सगळं जमिनीत गाडलेलं असतं आणि फक्त ह्या काचा मातीच्या पातळीवर उघड्या असतात, हे तिला शेषेरावांनी सांगितलं होतं. उजेड काचेतून खाली उतरतो आणि पानाला आतून मिळतो. दुष्काळ वाढला की मुळं आखडतात आणि झाडाला खाली ओढून घेतात. "स्वतःच स्वतःला?" तिने विचारलं होतं. "स्वतःच," ते म्हणाले होते, आणि नांदेडच्या त्या कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये, जिथे ते रोपं सांभाळायचे, दोघं त्या कुंडीवर वाकली होती. शेषेराव शेतकी कॉलेजात शिकवत. ती तेव्हा नांदेडच्या कलेक्टर कचेरीत टाइपिंगला होती, आणि कॉलेजच्या जमिनीच्या कुठल्याशा कामासाठी ते वरचेवर तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहत. काम संपलं तरी यायचे थांबले नाहीत. मग इकडे लातूरचा नवा जिल्हा झाला, नवी कचेरी, नव्या जागा, आणि देगलूरच्या घरी एकट्या राहणाऱ्या अव्वालाही आणून आपल्याजवळ ठेवता येईल अशी खोली तिथे मिळत होती म्हणून जगदेवीने लातूर मागून घेतलं. निघताना त्यांनी ही कुंडी दिली. हॉवर्थिया असं त्याचं नाव सांगितलं. जपायचं कसं तेही सांगितलं, आणि ते इतकं थोडं होतं की तिला हसू आलं. अर्धी माती, अर्धी नदीची जाड वाळू आणि खडे. सकाळचं ऊन, दुपारचं नको. पानाला सुरकुती पडली तरच पाणी, तेही बुडाशी. आणि चैत्र-वैशाखात अजिबात नाही, तेव्हा ते झोपतं. "विसरून गेलात तरी चालेल," ते म्हणाले. "विसरणाऱ्याकडेच हे चांगलं वाढतं." तेव्हा जगदेवीला वाटलं होतं, हे आपल्यालाच जमेल. आणि जमलंही. झाड जगलं, कडेला एक पिल्लू धरलं, एकदा तर सुतळीसारखी लांब दांडी काढून दोन-चार बारकी पांढरी फुलंही दिली, ज्यांच्याकडे अव्वाने पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

कचेरीत पंखा फिरत होता तो गरम हवाच इकडून तिकडे करायला. समोर अर्ज होते, रेणापूरकडचे, अहमदपूरकडचे, सगळ्यांत विहीर हा शब्द, सगळ्यांत टँकर हा शब्द. बोटं आपली आपण चालत होती. जिल्हा या शब्दापाशी आली की ती अजून नांदेडकडे वळायची, इतक्या वर्षांनंतरही, आणि मग तिला खाडाखोड करून लातूर करावं लागायचं. शेजारची बाई उस्मानाबाद टाइप करायची, तिची जुनी कचेरी तिकडची. नवा जिल्हा कागदावर कधीच झाला होता, बोटांत अजून व्हायचा होता. आज खाडाखोड जास्त होत होती. अव्वाच असणार. अव्वाला ते झाड आवडत नाही. अव्वाला ते कुणाचं आहे ते ठाऊक आहे. शेषेराव वर्षातून दोन-तीनदा यायचे, कॉलेजचं काम काढून. चपला बाहेर काढायचे, अव्वाला नमस्कार करायचे, खिडकीतल्या कुंडीकडे जाऊन वाकून बघायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. पाणीसुद्धा मागायचे नाहीत. मराठ्याचा माणूस, लिंगायताच्या घरी, तोही दोन बायकांच्या. गल्लीला मोजायला एवढं पुरेसं होतं. मागच्या खेपेला चपला घालता घालता त्यांनी सांगितलं होतं की भावाने मुलगी बघून ठेवलीय, अक्षय तृतीयेनंतर घरी शब्द द्यावा लागेल. "तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, काहीतरी म्हणा," ते म्हणाले. "नाही म्हणालात तरी मी चहा घेऊनच जाईन." आणि ती नेहमीचंच बोलली होती, अव्वा तयार होणार नाही. हे वाक्य ती चार वर्षं बोलत आली होती. बोलून बोलून ते गुळगुळीत झालं होतं, तोंडातून कुठे न अडकता बाहेर पडायचं. त्यांनी मान डोलवली होती, आणि रविवारी येतो म्हणाले होते, या येत्या रविवारी, शेवटचं विचारायला.

डोळे मिटले की कचेरीचा आवाज दूर जायचा. तिला बऱ्याचदा वाटायचं की आपण कुठेतरी गळ्यापर्यंत मातीत आहोत आणि ते फार सुखाचं आहे. गार माती, सगळ्या बाजूंनी घट्ट, फक्त कपाळावर उजेड. हे कुठून येतं तेही तिला माहीत होतं. अप्पा, म्हणजे वडील, गेले तेव्हा ती लहान होती. देगलूरच्या शेतातच खड्डा घेतला होता. बायका-पोरी बांधावर थांबल्या होत्या, पण ती कुणाच्या तरी कमरेआडून बघत होती. अप्पांना बसवलं, मांडी घालून, घरी जेवायला बसायचे तसे. हातात त्यांचं लिंग दिलं. विभूती, बेलाची पानं, मग माती, ओंजळीओंजळीने. माती मांडीवर आली, छातीवर आली, गळ्याशी आली, आणि एक क्षण असा होता की नुसतं अप्पांचं डोकं जमिनीवर होतं, विभूतीने पांढरं, शांत. तिला तेव्हा भीती वाटली नव्हती. अप्पा खाली जाऊन बसताहेत, एवढंच वाटलं होतं. रडू नंतर आलं, घरी, त्यांचा पाट भिंतीला उभा टेकवलेला पाहून. शेषेरावांनी ते झाड पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तिने हेच पाहिलं होतं, आणि हे तिने कुणालाच सांगितलं नाही. त्यांनाही नाही. ते म्हणतील, झाड आहे ते. आणि ते तर खरंच होतं.

संध्याकाळी परतली तर काचा बदलल्या होत्या. एरवी काचेच्या खाली पानाचं हिरवं अंग घट्ट असायचं. आता कडेची दोन पानं सगळीच्या सगळी काच झाली होती, पार बुडापर्यंत, पिवळट. उजेड त्यांतून आरपार जात होता, आत काही उरलं नसल्यासारखा. तिने एक पान चिमटीत धरलं. ते हातातच आलं, मऊ, पाणी सुटलेलं. त्या वेळी तिला जो राग आला तो इतका मोठा होता की तिचं तिलाच नवल वाटलं. दोन बोटांएवढ्या झाडासाठी एवढा राग कुणी ठेवलेला असतो? अव्वा चुलीपाशी भाकरी थापत होती. परातीचा आवाज येत होता, थप थप, एकसारखा. मारायचंच होतं तर उपटून फेकायचं, जगदेवीला वाटलं, असं रोज थोडं थोडं पाणी पाजून कशाला? सगळं गाव घागरीमागे धावतंय आणि ही पाण्याने मारून राहिलीय. ती जेवली. अव्वाने वाढलेलं सगळं जेवली, ताटावरची मान वर न करता. अव्वाने विचारलं, "डोकं दुखून राहिलं का गं?" ती म्हणाली, "न्हाई." गच्चीवर अंथरूण टाकल्यावर अव्वा लगेच झोपली, आणि जगदेवीला तिच्या सुखाने झोपण्याचा आणखी राग आला.

सकाळी ती ऑफिसची साडी नेसून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. अव्वाची पूजा चालली होती. गुरम्मा हे तिचं नाव, गल्लीत कुणीच ते घेत नसे, सगळे जगदेवीची अव्वाच म्हणत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढलं, तळहातावर ठेवलं, तांब्यातलं पाणी पळीने सोडलं, अगदी थोडं, तळवा भिजेल न भिजेल एवढं. दुष्काळात देवाचीही पळी लहान झाली होती. ते पाणी खालच्या वाटीत जमलं. विभूती लावली, बेलाचं एकच सुकलेलं पान वाहिलं. बराच वेळ ती लिंगाकडे एकटक बघत राहिली, आणि जगदेवी तिच्याकडे. मग वाटी उचलली. हे तीर्थ अव्वा प्यायची, पिऊनच दिवसाचं पहिलं पाणी तोंडात घ्यायची, जगदेवीला कळायला लागल्यापासून यात एक दिवस खंड नव्हता. आज वाटी ओठापर्यंत गेली नाही. गुडघ्यावर हात देऊन अव्वा उठली, दोन्ही हातांत वाटी धरून खिडकीपाशी आली, ओठ हलत होते, आणि तिने सगळं तीर्थ सावकाश कुंडीत सोडलं. एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही. रिकामी वाटी तिने डोळ्यांना लावली.

"अव्वा."

अव्वा दचकली नाही. "हितंच उभी हायेस? चहा ठिवते."

"काय करून राहिलीस तू? मरून राहिलंय ते."

"मरंल कशानं? तीर्थ हाय ते."

"किती दिवस घालतेस?"

"झाले की. तो मागच्या बारीला आलता का न्हाई, मुलगी बघितलीय म्हणून सांगून गेला. त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं." अव्वाने पदराने वाटी पुसली. "मी आतच हुते. ऐकलं सगळं. तू म्हणलीस, अव्वा तयार होणार न्हाई."

खाली गल्लीत कुणीतरी रिकामी घागर दगडावर ठेवली, तो पोकळ आवाज वर आला. "मग न्हाईसच ना तू तयार," जगदेवी कशीबशी म्हणाली.

"मला इचारलंस का कधी?" अव्वाचा आवाज चढला नव्हता. "चार वर्षं झाली. माणूस येतो, चपला बाहेर काढतो, खाली बघून बोलतो. चांगलाय. पर आपला न्हाई. लिंग न्हाई गळ्यात. मग म्या रातभर इच्यार केला. ज्याच्या पोटात लिंगाचं तीर्थ गेलं ते आपलं, हे तर माझी आजी बी म्हणायची. पर त्याला कसं देऊ? पाणीबी मागत न्हाई तो, तीर्थ काय घेईल? आन् घे म्हणायची माझी हिंमत न्हाई. म्हणून त्याच्या झाडाला दिलं. माझ्या वाटचं, म्या न पिता दिलं. झालं असंल आता ते आपलं."

अव्वा हे बोलली आणि चहाला आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला. जगदेवी कुंडीपाशी खाली बसली. खड्यांवरून तीर्थ खाली झिरपत होतं, कडेला विभूतीची पांढरी कड राहिली होती, बेलाच्या पानाचा बारीक तुकडाही. पिल्लाला हात लावला तर तेही बुडातून सुटलं. सगळंच गेलं होतं. ज्या महिन्यांत ते झोपतं त्याच महिन्यांत त्याला रोज सकाळी प्रेमाने उठवून पाणी पाजलं गेलं होतं. कालचा राग कुठे गेला ते तिला कळेना. त्या जागी रडू आलं, आणि रडता रडता मध्येच हसूही, की चार वर्षं ज्या अव्वाच्या नकाराला ती टेकून उभी होती तो नकार घरात कधी नव्हताच. तिने कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं आणि अव्वा हो म्हणाली असती तर? तेव्हा मग आपलं काय आहे ते सांगावं लागलं असतं. तिला थोड्यात राहायला आवडायचं. वर्षातून दोन-तीनदा येणारा माणूस, विसरलं तरी चालणारं झाड, गळ्यापर्यंत गार माती. आता कुणीतरी माती उकरली होती आणि तिला भीती वाटत होती, खरीखुरी भीती. अव्वाने चहाचा कप तिच्यासमोर ठेवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "गेलं का गं ते?" जगदेवी म्हणाली, "गेलं." अव्वाने कुंडी हळूच आपल्याकडे फिरवली. "आता तो काय म्हणंल?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा भ्यालेला दिसला.

रविवारी शेषेराव आले ते घामाने भिजून, एस.टी. वाटेत बंद पडली म्हणून उशिरा. चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला, आणि खिडकीकडे गेले. जगदेवीने कुंडी तशीच ठेवली होती, झाकली नव्हती. त्यांनी ती उचलून हलक्या हाताने उपडी केली, मुळं बघितली, ती तपकिरी होती, पोकळ, दाबली की नुसती साल हाती येत होती. "पाणी झालं," ते म्हणाले. "झोपेत होतं."

"म्या घातलं," अव्वा आतून म्हणाली. ती दाराआड उभी होती. "बाबा, तुमचं झाड म्या मारलं."

शेषेरावांनी जगदेवीकडे पाहिलं. जगदेवीने सांगितलं, सगळं नाही, एवढंच की ते पूजेचं तीर्थ होतं आणि अव्वा स्वतः न पिता घालत होती. ते ऐकून शेषेरावांनी कुंडी दोन्ही हातांनी खिडकीत परत ठेवली. नांदेडचा माणूस होता, लिंगायताच्या घरचं तीर्थ कुणाला देतात हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे अव्वांची हरकत नाही," आणि हे म्हणताना त्यांनी अव्वाकडे पाहिलं नाही, जगदेवीकडे पाहिलं. जगदेवीला ते गुळगुळीत वाक्य जिभेवर शोधूनही सापडलं नाही. बोलायची पाळी कुणाची आहे हे तिघांनाही माहीत होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला.

टँकर कुणासाठी थांबत नाही. अव्वाने दोन घागरी उचलल्या, जगदेवीने एक घागर आणि कळशी, आणि जिन्यात शेषेरावांनी न विचारता तिच्या हातातली घागर घेतली. गल्लीत रांग लागली होती. तिथला हिशेब तुळजाबाईच्या हाती असायचा. कोपऱ्यावरच्या घरातली ती धिप्पाड बाई पाइप धरून उभी राहायची आणि तिला घराघरातलं माणूस तोंडाने ठाऊक होतं. माणशी एक भांडं. लोक दुसऱ्या गल्लीतले मावसभाऊ पाहुणे म्हणून आणून उभे करायला लागल्यापासून पाहुण्याला पाणी बंद होतं. अव्वाच्या दोन घागरींतली एकच भरली, दुसरी तिने मुकाट्याने बाजूला केली. जगदेवीची कळशी भरली. मग शेषेरावांनी घागर पुढे केली, आणि तुळजाबाईने पाइपाच्या तोंडावर पंजा दाबला. पाणी तिच्या बोटांतून फवाऱ्यासारखं उडालं.

"पाव्हणं, तुमी बाजूला व्हा," ती म्हणाली. "पाव्हण्याला पाणी न्हाई. गल्लीचा नेम हाय."

शेषेराव लगेच मागे झाले, चूक झाली असल्यासारखे, घागर छातीशी धरून. मागून कुणीतरी म्हणालं, चला चला, पाणी वाया चाललंय. पायाखालचा चिखल चपलेतून वर जगदेवीच्या बोटांना लागत होता, गार, आणि ऊन थेट कपाळावर होतं. तिने हात पुढे करून त्यांच्या दंडाला धरलं, सगळ्या गल्लीसमोर, आणि त्यांना पुन्हा रांगेत ओढलं.

"पाव्हणे न्हाईत ते, मावशी."

"मग कोण हायेत?"

"घरचे हायेत. माझ्या घरचे."

तुळजाबाईने शेषेरावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्यांच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं, मग जगदेवीच्या हाताकडे, आणि मग मागे उभ्या असलेल्या अव्वाकडे पाहिलं, विचारल्यासारखं. अव्वा आपली रिकामी घागर काखेत नीट घेत होती.

"भर की," अव्वा म्हणाली. "बघत काय बसलीस?"